पेन्सिलीतलं ग्राफाइट ताकदवान चुंबकात ठेवलं, तर त्यातल्या इलेक्ट्रॉनचं काय होतं?

शाळेत आपण जिला शिसपेन्सिल म्हणायचो, तिच्यात शिसं नसतंच. असतं ते ग्राफाइट आणि चिकणमाती. पाच-दहा रुपयांच्या या वस्तूतलं ग्राफाइट उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केलं आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा लाखो पटींनी ताकदवान क्षेत्रात ठेवलं, तर त्यातले इलेक्ट्रॉन असं काही वागायला लागतात की, जगभरातले भौतिकशास्त्रज्ञ चाळीस-पन्नास वर्षांपासून त्याचा अर्थ लावतायत.

या गोष्टीचा एक महत्त्वाचा भाग कोलकात्यात घडला, एक मुंबईत कुलाब्याला. आणि ती समजून घ्यायला सगळ्यात सोपं उदाहरण सापडतं गोंदिया जिल्ह्यात, धानाच्या बांधीत. कसं ते पाहूया.

थोडक्यात सांगायचं तर...

- ग्राफाइटमध्ये मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन फारच थोडे असतात. हीच त्याची खरी खासियत आहे.
- इलेक्ट्रॉन थोडे असल्यामुळे, माणसाला बनवता येईल एवढ्या ताकदीचं चुंबक त्या सगळ्यांना ऊर्जेच्या अगदी शेवटच्या पायरीवर ढकलू शकतं.
- तिथे पोचल्यावर इलेक्ट्रॉन एकेकटे वागत नाहीत, सगळे मिळून वागतात. संशोधकांना पाहायचं असतं ते हेच.
- ग्राफाइटचे मोजके थर वेगळे काढले, की हाच खेळ आणखी स्पष्ट दिसतो. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये तीन थरांवर असं काम झालंय.

ग्राफाइट म्हणजे नेमकं काय?

हिरा आणि ग्राफाइट दोन्ही कार्बनचेच. फरक रचनेचा. ग्राफाइटमध्ये कार्बनचे अणू मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीत बसतात. अशी एक जाळी म्हणजे एक थर. असे थर एकावर एक रचलेले असतात आणि दोन थरांमधलं अंतर असतं ०.३३५ नॅनोमीटर. म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटमध्ये जवळपास ३० लाख थर मावतात.

थरातले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण दोन थरांमधली पकड अगदी ढिली असते. म्हणूनच पेन्सिल कागदावर घासली की थर सुटतात आणि अक्षर उमटतं. थरांचा असा एकच पापुद्रा वेगळा काढला, तर त्याला म्हणतात ग्राफीन.

आता वीज वाहण्याचा मुद्दा. कार्बनच्या प्रत्येक अणूकडे बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. त्यातले तीन शेजारच्या अणूंशी बंध जोडण्यात अडकतात. चौथा उरतो. मग प्रत्येक अणूमागे एक इलेक्ट्रॉन मोकळा फिरत असेल ना? तांब्यात तर तसंच असतं.

ग्राफाइटमध्ये तसं होत नाही. कॅनडातले भौतिकशास्त्रज्ञ फिलिप वॉलेस यांनी १९४७ मध्ये ग्राफाइटमधल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचं गणित मांडलं. त्यातून दिसलं की, भरलेल्या ऊर्जापातळ्यांचा पट्टा आणि रिकाम्या पातळ्यांचा पट्टा एकमेकांना जेमतेम टेकतात. पुढच्या अभ्यासातून कळलं, की खऱ्या ग्राफाइटमध्ये हे दोन पट्टे एकमेकांत किंचित घुसलेले असतात. त्यामुळे भरलेल्या पट्ट्यातले अगदी थोडे इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊन मोकळे होतात. साधारण दहा हजार अणूंमागे एक, एवढंच त्यांचं प्रमाण असतं.

ते गेले तिथे मागे रिकाम्या जागा राहतात. भौतिकशास्त्रात या रिकाम्या जागेला ‘होल’ म्हणतात. होल धन भार असलेल्या कणासारखा वागतो आणि तोही वीज वाहून नेतो. म्हणजे ग्राफाइटमध्ये थोडे इलेक्ट्रॉन आणि जवळपास तितकेच होल असा मामला आहे. अशा पदार्थाला अर्धधातू म्हणतात.

हा ‘दहा हजारांत एक’ आकडा लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

चुंबक ग्राफाइटला ओढतं की ढकलतं?

ढकलतं. अनेकांना हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण ग्राफाइट हा प्रतिचुंबकीय पदार्थ आहे. चुंबक जवळ आणलं की तो दूर सरकायला बघतो. ताकदवान चुंबकांच्या पटावर काळी, चपटी चकती हवेत तरंगतेय, असे रील तुम्ही पाहिले असतील. ती चकती बहुतेक वेळा ग्राफाइटचीच असते. त्यात जादू नाही आणि आतमध्ये बॅटरीही नाही.

या गुणधर्माचा सखोल अभ्यास भारतात झाला. रामन परिणामाच्या शोधात सी. व्ही. रामन यांचे सहकारी असलेले के. एस. कृष्णन १९३० च्या दशकात कोलकात्याच्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेत काम करत होते. त्यांनी आणि एन. गांगुली यांनी ग्राफाइटच्या स्फटिकांवर मोजमापं केली. १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवलं, की ग्राफाइटमध्ये थराच्या दिशेने वीज सहज वाहते, पण थरांच्या आडव्या दिशेने फारच कमी. १९४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा ग्राफाइटमधल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय गुणांवरचा निबंध आला. चुंबकीय क्षेत्र थरांना काटकोनात असेल, तर ग्राफाइटचा विरोध कितीतरी पटींनी वाढतो, कारण इलेक्ट्रॉन थराच्या पातळीतच गोल फिरू शकतात.

इथे एक जुनी अफवाही निकालात काढूया. २०२१ मध्ये ‘लशीत ग्राफीन घातलंय, म्हणून दंडाला चुंबक चिकटतं’ असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते. नाशिकमधल्या एकाच्या अंगाला लस घेतल्यावर नाणी आणि चमचे चिकटतात, असा व्हिडिओही जोरात चालला होता. लशीमुळे शरीर चुंबकीय होऊ शकत नाही, हे सरकारने तेव्हाच स्पष्ट केलं होतं. पण भौतिकशास्त्राच्या बाजूनेही हा दावा उलटाच आहे. ग्राफाइट आणि शुद्ध ग्राफीन चुंबकाला ओढून घेत नाहीत, त्याच्यापासून दूर जातात. अंगाला नाणं चिकटतं ते घामामुळे आणि त्वचेवरच्या तेलकटपणामुळे.

‘ताकदवान’ म्हणजे किती ताकदवान?

चुंबकीय क्षेत्र टेस्ला या एककात मोजतात. अंदाज यावा म्हणून ही यादी पाहा:

- पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र: सुमारे ०.००००५ टेस्ला
- फ्रिजच्या दारावर लावायचं शोभेचं चुंबक: टेस्लाचा साधारण शंभरावा भाग किंवा त्याहून कमी
- हॉस्पिटलमधलं एमआरआय मशीन: बहुतेक ठिकाणी १.५ किंवा ३ टेस्ला
- अमेरिकेत टॅलाहॅसी इथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतलं सलग चालणारं चुंबक: ४५ टेस्ला
- अमेरिकेतल्या लॉस ॲलामॉस इथे २०१२ मध्ये स्पंद पद्धतीने, म्हणजे क्षणभरापुरतं मिळवलेलं क्षेत्र: १०० टेस्लापेक्षा थोडं जास्त

एवढ्या मोठ्या क्षेत्रात चुंबकाच्या वेटोळ्यावरच प्रचंड दाब येतो. म्हणून ५० टेस्लाच्या पुढचे प्रयोग सेकंदाच्या छोट्याशा भागात उरकावे लागतात. तेवढ्यात ग्राफाइटचा विद्युतरोध मोजायचा आणि चुंबक थंड होईपर्यंत थांबायचं, असं ते काम असतं.

आता चला धानाच्या बांधीत

गोंदिया, भंडारा, गडचिरोली भागात धानाच्या शेताचे छोटे तुकडे पाडलेले असतात. एका तुकड्याला बांधी म्हणतात. जमीन उताराची असली, तरी बांधीतलं पाणी सपाट उभं राहतं, कारण तिच्या चारी बाजूंना धुरा घातलेला असतो. वरच्या बांधीतल्या पाण्याची पातळी एक, खालच्या बांधीतली दुसरी. मधल्या उंचीवर पाणी उभं राहूच शकत नाही.

आता उंचीच्या जागी ऊर्जा ठेवा आणि पाण्याच्या जागी इलेक्ट्रॉन.

चुंबकीय क्षेत्र नसताना इलेक्ट्रॉनसाठी ऊर्जेची जमीन मोकळ्या उतारासारखी असते. हव्या त्या उंचीवर थांबता येतं. चुंबकीय क्षेत्र लावलं की इलेक्ट्रॉन सरळ न जाता गोल फिरू लागतात. आणि पुंजभौतिकी, म्हणजे क्वांटम भौतिकी सांगते, की या गोलगोल फिरण्याला हवी ती ऊर्जा चालत नाही. ठरावीक पायऱ्यांवरच थांबावं लागतं. मोकळा उतार गेला, बांध्या पडल्या! रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह लँडाऊ यांनी १९३० मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी हे गणित मांडलं. म्हणून या पायऱ्यांना ‘लँडाऊ पातळ्या’ म्हणतात.

चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं की दोन गोष्टी होतात.

पहिली, प्रत्येक बांधी मोठी होते. म्हणजे एका पातळीवर जास्त इलेक्ट्रॉन मावतात.

दुसरी, दोन बांध्यांमधल्या उंचीचा फरक वाढतो.

पाणी मात्र आहे तेवढंच आहे. मग काय होणार? खालच्या बांध्यांमध्ये जागा वाढली, म्हणून वरची बांधी कोरडी पडते. क्षेत्र आणखी वाढवलं की तिच्या खालची कोरडी पडते. अशी एकेक बांधी रिकामी होताना ग्राफाइटचा विद्युतरोध वर-खाली हेलकावे घेतो. असे हेलकावे १९३० मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला बिस्मथ या धातूत पहिल्यांदा दिसले होते. पुढे ग्राफाइटमध्येही ते मोजले गेले, आणि त्यावरूनच त्यात मोकळे इलेक्ट्रॉन आणि होल किती आहेत, हे नेमकं कळलं.

थंडी कशाला हवी, तेही इथेच समजतं. उष्णतेने इलेक्ट्रॉन उसळत असतात. उसळी बांधीच्या धुऱ्यापेक्षा उंच असेल, तर पायऱ्या असून नसल्यासारख्याच. म्हणून उणे २६९ अंश सेल्सिअसला उकळणारं द्रवरूप हेलियम वापरून सगळं शांत करावं लागतं.

ग्राफाइटच का? तांबं का नाही?

आता तो ‘दहा हजारांत एक’ आकडा कामाला येतो.

ग्राफाइटमध्ये पाणीच कमी आहे. त्यामुळे चुंबकीय क्षेत्र साधारण ७.४ टेस्लाच्या पुढे गेलं, की वरच्या सगळ्या बांध्या कोरड्या पडतात. उरते इलेक्ट्रॉनची शेवटची एक बांधी आणि होलची शेवटची एक. या टप्प्याला ‘क्वांटम मर्यादा’ म्हणतात. ७.४ टेस्ला म्हणजे एमआरआय मशीनच्या जेमतेम काही पट. अनेक प्रयोगशाळांना ते परवडतं.

तांब्यात प्रत्येक अणूमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. पाणी इतकं, की सगळं शेवटच्या बांधीत आणायला हजारो टेस्लाचं, खरं तर दहा हजारांच्या पटीतलं क्षेत्र लागेल. पृथ्वीवरच्या कुठल्याही प्रयोगशाळेत तसं सलग क्षेत्र मिळत नाही.

म्हणजे विजेच्या तारेसाठी ग्राफाइट तांब्यासमोर गरीबच. पण त्याच गरिबीमुळे, तांब्यात जे पाहायला मिळत नाही ते ग्राफाइटमध्ये मिळतं.

शेवटच्या बांधीत पोचल्यावर काय होतं?

पाण्याचं उदाहरण इथपर्यंतच चालतं. पाण्याचे थेंब एकमेकांशी भांडत नाहीत, इलेक्ट्रॉन भांडतात. सगळ्यांचा भार ऋण, त्यामुळे ते एकमेकांना सतत दूर ढकलत असतात.

एरवी ही भांडणं लपून जातात, कारण इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या ऊर्जेने वेगवेगळीकडे धावत असतात. शेवटच्या बांधीत मात्र थरांच्या पातळीतली सगळ्यांची ऊर्जा सारखी होते. पातळीतल्या पातळीत ते छोट्या वर्तुळात अडकतात. २५ टेस्लाला या वर्तुळाचा आवाका साधारण ५ नॅनोमीटर असतो. मोकळं राहतं ते फक्त चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने, म्हणजे थरांच्या आरपार, पुढे-मागे सरकणं.

तिकिटाच्या खिडकीसमोरची एकेरी रांग डोळ्यांपुढे आणा. कुणालाही कुणाला ओलांडून जाता येत नाही. पुढचा थांबला की मागच्या सगळ्यांना थांबावं लागतं. अशा रांगेत एकट्याचं काही चालत नाही. जे होतं ते सगळ्या रांगेचं मिळून होतं.

जपानमध्ये तानुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८१ च्या सुमारास नेमकं हेच दिसलं. खूप थंड केलेल्या ग्राफाइटवर २० टेस्लाच्या बरंच पुढे क्षेत्र नेल्यावर त्याचा विद्युतरोध अचानक उसळला. पाणी गोठून बर्फ व्हावं, तशी इलेक्ट्रॉनच्या समूहाची अवस्थाच बदलली होती. त्याच वर्षी योशिओका आणि फुकुयामा यांनी स्पष्टीकरण मांडलं: इलेक्ट्रॉन समान अंतरावर दाटी आणि विरळ अशी नक्षी तयार करतात. याला ‘भारघनता लहर’ म्हणतात. रांगेतले लोक ठरावीक अंतरावर घोळके करून उभे राहावेत, तसं काहीसं.

गोष्ट इथे संपली नाही. १९९८ मध्ये यागुची आणि सिंगलटन यांनी दाखवलं, की साधारण ५३ टेस्लाला ही अवस्था मोडते. मग वाटलं, चला, विषय संपला. पण २०१३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझच्या प्रयोगशाळेत ८० टेस्लापर्यंत क्षेत्र नेलं, तेव्हा ५३ च्या पुढे आणखी एक नवी अवस्था सापडली. ती ७५ टेस्लाच्या आसपास संपते. त्यानंतर ९० टेस्लापर्यंतचे प्रयोगही झाले.

या अवस्थांमध्ये नेमकं काय चालतं, यावर वाद आहेत. घनतेच्या लहरी हे एक मत. दुसरं मत असं की इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना धरून जोड्या जमवतात. या जोडीला ‘एक्साइटॉन’ म्हणतात. पेन्सिलीत रोज वापरल्या जाणाऱ्या पदार्थाबद्दल हा वाद अजून चालू आहे, हे विशेष.

थर सुटे केले तर?

२००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्राफाइटचे पापुद्रे सोलत सोलत ग्राफीन वेगळं करून त्यावर प्रयोग केले. २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

एकाच थरात इलेक्ट्रॉनला आरपार सरकायला जागाच नसते. त्यामुळे बांध्यांच्या पायऱ्या एकदम धारदार होतात आणि ‘क्वांटम हॉल परिणाम’ दिसतो. त्याचं सूत्र असं: वीज एका दिशेने सोडायची, चुंबकीय क्षेत्र काटकोनात लावायचं आणि आडव्या दिशेने विद्युतदाब मोजायचा. त्यातून निघणारा रोध सलग बदलत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो. पायरीची किंमत ठरते २५,८१२.८०७ ओहम या आकड्यावरून. नमुना कुणी बनवला, केवढा आहे, कुठल्या देशात आहे, याने फरक पडत नाही. १९८० मध्ये जर्मनीच्या क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना सिलिकॉनच्या नमुन्यात हे फ्रान्समधल्या ग्रेनोबलला दिसलं आणि १९८५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ग्राफीनमध्ये हा परिणाम २००५ मध्ये दिसला. २००७ मध्ये तर तो खोलीच्या तापमानालाही दाखवता आला, अर्थात प्रचंड चुंबकीय क्षेत्रात.

कुलाब्यात तीन थरांवर काय झालं?

एक थर म्हणजे ग्राफीन, लाखो थर म्हणजे ग्राफाइट. मग मधल्या आकड्यांचं काय? मुंबईत कुलाब्याला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, प्रा. मंदार देशमुख यांच्या गटाने तीन थरांवर काम केलं. देशमुख यांना २०१५ मध्ये भौतिकशास्त्रासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळालेला आहे.

तीन थर ग्राफाइटमध्ये असतात तसेच एकमेकांवर बसलेले असले, की त्यात दोन प्रकारचे इलेक्ट्रॉन एकत्र नांदतात. एक प्रकार एका थराच्या ग्राफीनसारखा, म्हणजे जणू वस्तुमानच नसल्यासारखा वागतो. दुसरा दोन थरांच्या ग्राफीनसारखा, म्हणजे वस्तुमान असल्यासारखा. क्षेत्र वाढवलं की दोघांच्या बांध्या वर चढतात, पण वेगवेगळ्या गतीने. पहिल्या प्रकारच्या बांध्यांची उंची क्षेत्राच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, दुसऱ्याची साधारण क्षेत्राच्या प्रमाणात. त्यामुळे काही ठिकाणी दोन वेगळ्या कुळांच्या बांध्या एकाच उंचीवर येतात.

आता इलेक्ट्रॉनसमोर पर्याय असतो: या बांधीत बसू की त्या? दोन्हींची उंची सारखीच. अशा वेळी निर्णय एकेकटा इलेक्ट्रॉन घेत नाही. आपापसातली ढकलाढकल कमी व्हावी म्हणून सगळे मिळून एकाच बाजूला जातात. लोखंडी चुंबकातले सगळे छोटे चुंबक एकाच दिशेला तोंड करतात, तसंच. म्हणून या अवस्थेला ‘क्वांटम हॉल लोहचुंबकत्व’ म्हणतात. लोखंडाचा कणही नसताना!

बिस्वजीत दत्ता, राजदीप सेनशर्मा, देशमुख आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २०१७ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला. त्याआधीचे तीन थरांवरचे प्रयोग ‘इलेक्ट्रॉन एकमेकांकडे बघत नाहीत’ असं मानूनही समजावता येत होते. मुंबईच्या नमुन्याने दाखवलं, की तसं मानून भागत नाही. मोजमाप करताना इलेक्ट्रॉनची संख्या वाढवत नेली तर एक रोध दिसायचा, आणि कमी करत परत आलं तर दुसरा. लोखंडाचं चुंबक करताना आणि उतरवताना जो मागे रेंगाळण्याचा गुण दिसतो, तोच इथे दिसला.

हे जमलं कशामुळे? नमुन्याच्या स्वच्छतेमुळे. इलेक्ट्रॉन किती सहज धावतो ते मोजणाऱ्या ‘गतिशीलता’ या मापात हा नमुना सुमारे ५ लाखांवर होता. संगणकाच्या चिपमधल्या सिलिकॉनमध्ये हा आकडा शुद्ध अवस्थेतही दीड हजाराच्या आसपास असतो. एवढी स्वच्छता मिळवायला ग्राफीनचे थर बोरॉन नायट्राइडच्या पातळ पापुद्र्यांमध्ये सँडविचसारखे ठेवतात. त्याचे उत्तम स्फटिक जपानमधले वातानाबे आणि तानिगुची तयार करतात. ते जगभरातल्या प्रयोगशाळांना पुरवतात आणि निबंधांमध्ये त्यांचंही नाव असतं. मुंबईच्या निबंधातही आहे.

आणि परत जाड ग्राफाइटकडे

२०१९ मध्ये मँचेस्टरच्या गटाने ‘नेचर फिजिक्स’मध्ये एक धक्का दिला. क्वांटम हॉल परिणाम पातळ, सपाट पदार्थातच दिसतो, जाड पदार्थात नाही, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. कारण जाडीच्या दिशेने इलेक्ट्रॉन सरकतात आणि पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात. पण या गटाला तो शेकडो थर जाडीच्या ग्राफाइटमध्ये दिसला.

कारण पुन्हा तेच. ताकदवान क्षेत्रात इलेक्ट्रॉनकडे फक्त आरपार सरकणं उरतं. वरचा आणि खालचा पृष्ठभाग या दोन भिंतींमध्ये त्यांच्या लहरी तारेवरच्या सुरांसारख्या अडकतात आणि पायऱ्या परत येतात. त्यातही गंमत म्हणजे, थरांची संख्या सम आहे की विषम यावरून निकाल बदलतो. शेकडो थरांतला एक थर कमी-जास्त झाला, तरी इलेक्ट्रॉनला ते कळतं!

याचा आपल्याला उपयोग काय?

प्रामाणिक उत्तर असं, की ५० टेस्लातल्या ग्राफाइटपासून उद्या काही वस्तू बाजारात येणार नाही. हे मूलभूत संशोधन आहे. पण दोन गोष्टी ठोस आहेत.

पहिली, ओहमचं माप. विद्युतरोध मोजणारं प्रत्येक उपकरण कशाशी तरी जुळवून घ्यावं लागतं. आज अचूक ओहम क्वांटम हॉल परिणामातून मिळवतात. २० मे २०१९ पासून मोजमापांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्लँक स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा भार यांच्या किमती कायमच्या ठरवून टाकल्या आहेत, त्यामुळे हा आकडाही पक्का झाला. ग्राफीनमध्ये हे माप तुलनेने कमी चुंबकीय क्षेत्रात आणि थोड्या जास्त तापमानाला मिळतं. म्हणजे उपकरण लहान आणि स्वस्त करता येतं.

इथे एक छान धागा जुळतो. भारताची मोजमापांची मानकं सांभाळते दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. तिचे पहिले संचालक कोण होते? कोलकात्यात ग्राफाइटचं चुंबकत्व मोजणारे तेच के. एस. कृष्णन.

दुसरी गोष्ट, समूहाचं वागणं समजणं. अनेक अतिवाहकांमध्ये आणि नव्या चुंबकीय पदार्थांमध्ये इलेक्ट्रॉन एकत्र वागतात, पण तिथली रचना फार गुंतागुंतीची असते. ग्राफाइटमध्ये फक्त कार्बन आहे. पदार्थ साधा असला की गणित तपासून पाहता येतं.

अडचणीही आहेत. भारताला लागणारं हेलियम मुख्यतः आयात करावं लागतं. त्याचा भाव वाढला की थंड तापमानावर चालणारे प्रयोग थेट महाग होतात. बॅटऱ्यांसाठी लागणाऱ्या ग्राफाइटचा प्रश्न वेगळा आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत ग्राफाइट आहे. पण ‘ग्राफीनयुक्त’ असं लिहून विकल्या जाणाऱ्या गाद्या, पट्टे आणि लॉकेट यांचा या संशोधनाशी काडीचा संबंध नाही. असं काही दिसलं तर पैसे घालवू नका.

गोंदियात बसून यातलं काय करून पाहता येईल?

लँडाऊ पातळ्या घरी दिसणार नाहीत, पण ग्राफाइटचा चुंबकाला होणारा विरोध दिसतो. लेड पेन्सिलीची ०.७ किंवा ०.९ मिलिमीटरची कांडी घ्या, शक्यतो २बी, म्हणजे ग्राफाइट जास्त असलेली. ती बारीक दोऱ्याने मधोमध बांधून आडवी टांगा. पंखा बंद करा आणि ती स्थिर होऊ द्या. मग छोटं निओडिमियम चुंबक तिच्या एका टोकाजवळ हळूच आणा, पण टेकवू नका. टोक हळूहळू दूर सरकतं. लाकडी पेन्सिलीतल्या चिकणमातीत लोहाचा अंश असू शकतो, त्यामुळे तिच्यावर प्रयोग फसण्याची शक्यता असते. ही चुंबकं लहान मुलांच्या हाती देऊ नका, गिळली तर जिवावर बेततं. पेसमेकर असलेल्यांपासूनही ती दूर ठेवा.

यात पुढे शिकायचं असेल, तर बीएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ हा उपक्रम आहे. टीआयएफआरमध्ये उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना संशोधकांसोबत काम करायची संधी देणारा कार्यक्रम असतो. पीएचडीसाठी टीआयएफआरची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे, शिवाय ‘जेस्ट’ ही परीक्षाही आहे. अर्जाच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे संस्थांच्या अधिकृत वेबसाइटवरच पाहा, फॉरवर्ड आलेल्या मेसेजवर विसंबू नका.

गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेस थेट मुंबईच्या सीएसएमटीला जाते. तिथून कुलाब्याची ती प्रयोगशाळा काही किलोमीटरवर आहे. बांधीतलं पाणी एका पातळीत का उभं राहतं, हे ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याला लँडाऊ पातळ्यांचं गणित परकं वाटायचं काही कारण नाही.